दुकानातले तास कॉलेजच्या अर्जात कसे मांडावेत

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. शाळेतल्या मुलांचे अर्ज तर हाताखालून जातातच, शिवाय ओळखीतली मराठी मुलं "काकू, जरा बघता का?" म्हणत लॅपटॉप घेऊन घरी येतात. या अर्जांत एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसते. पियानोचे वर्ग लिहिलेले असतात, मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेची शाळकरी नक्कल) असतं, हॉस्पिटलमध्ये काही शनिवार केलेलं सेवाकार्य असतं. वडिलांच्या ग्रोसरीत, आईच्या केटरिंगमध्ये किंवा काकांच्या मोटेलच्या काउंटरवर नववीपासून काढलेल्या संध्याकाळी मात्र कुठेच नसतात. विचारलं की मूल म्हणतं, "ते तर घरचंच आहे." शेजारी बसलेले आई-वडीलही मान डोलावतात.

पालकांना असं का वाटतं, ते मला कळतं. आपण ज्या व्यवस्थेतून आलो तिथे सीईटीचे मार्क आणि कॅप राउंडची यादी यांपलीकडे कोणी काही विचारत नव्हतं. दुकानात बसणं म्हणजे अभ्यासातून गेलेला वेळ, तो लपवायचा, अशीच सवय लागली. अमेरिकेत अर्ज वाचणाऱ्याला मात्र वर्गाबाहेरचा तुमचा वेळ कुठे गेला हे जाणून घ्यायचं असतं. रोज संध्याकाळी चार तास कुठे गेले हे कळलं नाही, तर हे मूल काहीच करत नव्हतं, असा त्याचा समज होतो.

हे माझं एकटीचं मत नाही. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या 'मेकिंग केअरिंग कॉमन' या प्रकल्पाने जानेवारी २०१६ मध्ये 'टर्निंग द टाइड' नावाचा अहवाल काढला. घरासाठी केलेलं काम, धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरखर्चाला हातभार म्हणून नोकरी करणं यांना कॉलेजांनी खरं मोल द्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कोविडच्या काळात, २०२० साली, याच प्रकल्पाच्या पुढाकाराने तीनशेहून अधिक ॲडमिशन डीननी (कॉलेजांच्या प्रवेशप्रमुखांनी) एक निवेदन काढलं. घरच्या जबाबदाऱ्या आम्ही गांभीर्याने वाचतो आणि त्यामुळे कोणाचं नुकसान होत नाही, हे त्यांनी त्यात लेखी सांगितलं.

तुम्हाला हवं असलेलं कॉलेज याकडे कसं पाहतं, हे घरबसल्या तपासता येतं. कॉलेजचं नाव आणि त्यापुढे 'कॉमन डेटा सेट' असं शोधा. दरवर्षी निघणाऱ्या त्या कागदात सी-७ नावाचा तक्ता असतो. मार्क, एसे (अर्जासोबतचा निबंध), शिफारसपत्रं अशा एकेका घटकापुढे 'अत्यंत महत्त्वाचा', 'महत्त्वाचा', 'विचारात घेतला जातो' किंवा 'घेतला जात नाही' अशी खूण असते. त्यात कामाच्या अनुभवाची वेगळी ओळ आहे आणि सेवाकार्याची वेगळी. दोन्ही ओळींवर बोट ठेवून वाचा. पुष्कळ कॉलेजांत दोन्हींपुढे एकच खूण दिसते. मार्क आणि घेतलेले विषय यांची ओळ बहुतेक ठिकाणी वरच्याच रकान्यात असते, तेही बघून घ्या. दुकानाचे तास केमिस्ट्रीतला सी ग्रेड धुऊन काढत नाहीत. तो का आला हे समजायला मदत करतात, एवढंच.

रकाने भरताना

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, जास्तीत जास्त दहा ॲक्टिव्हिटीज लिहिता येतात. प्रत्येकीला पद सांगायला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १०० आणि वर्णनाला १५०, ती अर्थातच इंग्रजीत, आणि मधल्या मोकळ्या जागाही त्यात मोजल्या जातात. आधी प्रकार निवडायचा असतो. मुलाला रीतसर पगार मिळत असेल तर 'पगारी काम' निवडा. पैसे न घेता घरचं काम म्हणून करत असेल तर 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा वेगळा प्रकार आहे. तो असताना बिनपगारी काम पगारी म्हणून दाखवण्याची गरज नाही. दोन्ही खरं असेल तर दोन्ही लिहा. शनिवार-रविवार काउंटरवर पगारी शिफ्ट, आणि आठवडाभर आई-बाबा दुकानात म्हणून धाकट्या भावाला शाळेतून आणणं, जेवू घालणं, त्याचा गृहपाठ घेणं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तर मुलांच्या डोक्यातच येत नाही, कारण ती रोजची असते.

क्रम तुम्ही ठरवता. ज्यात सर्वांत जास्त जीव आणि वेळ गेला ते वर ठेवा. दुकान सातव्या नंबरवर आणि दोनदा गेलेला क्लब दुसऱ्या नंबरवर, असे अर्ज मी परत पाठवते.

तासांचा हिशेब नीट करा, इथे बरीच मुलं गडबडतात. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे असे दोनच आकडे भरायचे असतात, पण शाळा चालू असताना आणि सुट्टीत काम सारखं नसतं. समजा शाळेच्या ३६ आठवड्यांत आठवड्याला ८ तास आणि उन्हाळ्याच्या १० आठवड्यांत ३० तास. म्हणजे २८८ अधिक ३००, एकूण ५८८ तास. त्याला ४६ आठवड्यांनी भागलं की जेमतेम १३ येतात. अर्जात लिहा १३ तास, ४६ आठवडे. वर्णनात जागा उरली तर उन्हाळ्यात ३० असं जोडा. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहता आणि कायम हाक ऐकू येते म्हणून ४० तास लिहू नका. वाचणारा बेरीज करतो: शाळा, झोप, टेनिस, रोबोटिक्स, आणि हे चाळीस. बेरीज बसली नाही की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास उडतो.

पदाच्या रकान्यात सरळ नाव लिहा. कॅशियर, स्टॉक सांभाळणारा, फ्रंट डेस्क, डिलिव्हरी. सोळा वर्षांच्या मुलापुढे 'चीफ ऑपरेटिंग ऑफिसर' लिहून वडिलांना कितीही आनंद झाला तरी ते काढून टाका. त्याच अर्जात कुटुंबाच्या भागात आई-वडिलांचा व्यवसाय विचारलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला वाचणाऱ्याला क्षणही लागत नाही.

१५० अक्षरांत काय घालायचं

माझा सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, आणि जावा असंच मला वाटतं. पहिल्या खर्ड्यात जवळपास प्रत्येक मूल असं काहीतरी लिहितं: 'कुटुंबाच्या दुकानात मदत केली. ग्राहकांशी बोलायला, टीमवर्क आणि वेळेचं नियोजन शिकलो.' हे वाक्य कुणाच्याही अर्जात चिकटवता येईल. मग मी लॅपटॉप मिटायला लावते आणि नुसतं बोलायला लावते.

इथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडच्या बाजूला घरची ग्रोसरी असलेल्या एका मुलीशी असंच बोलणं झालं. "दुकानात काय करतेस?" "काही नाही काकू, बसते." "माल कोण मागवतं?" "बाबा." "सगळाच?" थोडं थांबून ती म्हणाली, "आंबे सोडून."

मग आंब्यांचं निघालं. भारतातला हापूस अमेरिकेत यायला २००७ पासून पुन्हा परवानगी मिळाली. तो विकिरण (कीड राहू नये म्हणून किरणांची प्रक्रिया) करून विमानाने येतो, त्यामुळे पेटी महाग आणि हातात दिवस थोडे. पेट्या उशिरा आल्या किंवा जास्त मागवल्या की फळ मऊ पडतं आणि दुकानाचं नुकसान होतं. बाबा अंदाजाने मागवायचे. नोंदणी वहीत, काही चिठ्ठीवर, काही नुसती तोंडी. दहावीत असताना या मुलीने सगळी आगाऊ नोंदणी एका स्प्रेडशीटवर आणली, थोडी रक्कम आधी घ्यायची पद्धत सुरू केली, आणि पेट्या आल्या की लोकांना मेसेज पाठवायची. फोन न वापरणाऱ्या आजी-आजोबांची यादी वेगळी, त्यांना ती स्वतः फोन करायची. दुसऱ्या वर्षी टाकून द्यावं लागलेलं फळ कमी झालं. हे तिला सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं!

शेवटी वर्णन असं झालं: 'वीकेंडला कॅश काउंटर; हापूसची आगाऊ नोंदणी वहीतून स्प्रेडशीटवर; ज्येष्ठ ग्राहकांना फोन; नासाडी घटली; नव्या कामगारांना रजिस्टर शिकवलं.' यात 'नेतृत्व' हा शब्द नाही, तरी नेतृत्व दिसतं. गुण लिहू नका, काम लिहा. वाचणारे दिवसभर अर्ज वाचतात, गुण त्यांना काढता येतात.

तुमच्या मुलाशी बोलताना हेच विचारत राहा. तू नसलास तर कुठलं काम अडतं? तुझ्या सांगण्यावरून काय बदललं? पैशांचा कुठला निर्णय तुझ्या हातात आहे? वितरकाचं इन्व्हॉइस चुकलं तर फोन कोण करतं? इंग्रजी पत्रं, आरोग्य खात्याची तपासणी, कार्ड मशीनचं बिल कोण बघतं? घरी केटरिंग असेल तर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी कोण घेतं, चकलीचं प्रमाण वाढवताना भाजणीचा हिशेब कोणी केला? मोटेल असेल तर रात्री एक वाजता खोलीत पाणी येत नाही म्हणून तक्रार घेऊन आलेल्या पाहुण्याशी कोण बोलतं? उत्तर 'मी' असेल ती ओळ अर्जात जाते. उत्तर प्रत्येक वेळी 'बाबा' आलं, तर तेही ठीक. कॅश काउंटर आणि तास प्रामाणिकपणे लिहा. चार वर्षं न चुकता शिफ्टला हजर राहणं ही स्वतःच मोठी गोष्ट आहे आणि वाचणाऱ्यांना ती कळते.

कॅलिफोर्नियाच्या यूसी विद्यापीठांचा अर्ज वेगळा आहे. तिथे एकूण २० नोंदी करता येतात, कामाच्या अनुभवाचा स्वतंत्र प्रकार आहे आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात. तेच वर्णन चिकटवू नका, जागा वापरा. यूसी काही अर्जदार निवडून लिहिलेल्या गोष्टींचा पुरावाही मागते. म्हणून शिफ्टचं वेळापत्रक, पगाराची पावती, ऑर्डरची शीट असं काहीतरी जपून ठेवा.

एसे दुकानावर लिहावा का?

लिहावाच असं नाही. मुलाच्या मनात तारे असतील किंवा तबला असेल तर एसे त्यावर लिहू दे. दुकान ॲक्टिव्हिटीजमध्ये आलेलं पुरे.

दुकानावर लिहायचंच ठरलं, तर बहुतेक मुलं एकाच खड्ड्यात पडतात. ६५० शब्दांपैकी पाचशे शब्दांत बाबा दोन बॅगा घेऊन आले, बाबांनी गॅस स्टेशनवर रात्रपाळी केली, बाबांनी कर्ज काढलं. वाचताना माझेही डोळे भरून येतात. पण कॉलेज बाबांना प्रवेश देत नाहीये. बाबांना एक परिच्छेद द्या आणि मग मुलाला पुढे येऊ द्या. कुठला तरी एक प्रसंग, ज्यात त्याला काही ठरवावं लागलं: उधारी थकलेल्या ओळखीच्या काकूंना पैसे कसे मागितले, गल्ल्यात कमी भरले तेव्हा कामगारावर संशय घ्यायचा की आधी आपली बेरीज तपासायची, शाळेचा होमकमिंग डान्स आणि नवरात्रातला गर्दीचा शनिवार एकाच दिवशी आला तेव्हा घरात काय बोलणं झालं. दुकानाचा राग येत असेल तर तोही लिहिता येतो. दुकान फार आवडतं असं दाखवणाऱ्या गोड एसेपेक्षा तो खरा उतरतो. ग्राहकांची टिंगल तेवढी करू नका, ते वाचायला वाईट दिसतं.

कामामुळे अभ्यासावर परिणाम झाला असेल, म्हणजे वडिलांच्या आजारपणात अकरावीचं एक सत्र मुलानेच दुकान चालवलं आणि ग्रेड घसरले, तर ते एसेत कोंबू नका. त्यासाठी कॉमन ॲपमध्ये 'अडचणी आणि परिस्थिती' असा २५० शब्दांचा वेगळा रकाना आहे. 'अधिक माहिती'चा रकाना २०२५-२६ पासून ६५० वरून ३०० शब्दांवर आला, तेव्हा जुन्या मार्गदर्शिका वाचून लांबलचक लिहू नका. कोरडं लिहा: कधी, किती काळ, आठवड्याला किती तास, आता काय स्थिती आहे. रडगाणं वाटेल ही भीती बाळगू नका. तारखा आणि तास लिहिले की ते रडगाणं वाटत नाही.

दुकान गरजेचं आणि दुकान हौसेचं

वडिलांची आयटी कन्सल्टिंग कंपनी आहे आणि मुलाने उन्हाळ्यात तिथे 'इंटर्नशिप' केली, हेही घरच्याच व्यवसायातलं काम. पण वाचणारा ते वेगळ्या डोळ्यांनी वाचतो, आणि बरोबरच वाचतो. दार बापाने उघडून दिलं होतं. तरी ते लिहायला हरकत नाही. फक्त काय करून दाखवलं ते दिसू द्या आणि कंपनी घरची आहे हे लपवू नका. आडनाव सारखं असतं, लपत नाही. माझं मत विचाराल तर अशा मुलाने एखादा उन्हाळा बाहेर, ओळखीशिवाय मिळवलेल्या साध्या कामावर काढावा. आइस्क्रीमच्या दुकानातला साहेब आपला बाप नसतो, त्यातून मुलगा जे शिकतो ते घरच्या ऑफिसात मिळत नाही.

शिफारसपत्र आई-वडिलांनी द्यायचं नाही, मालक म्हणूनही नाही. कॉलेज जादा पत्र घेत असेल तर जुना वितरक, शेजारचा दुकानदार किंवा मुलाला कामात जवळून पाहिलेला मॅनेजर चालेल.

कायद्याच्या बाजू, ज्या आधी बघायच्या

यातली पहिली सर्वांत महत्त्वाची. मूल एच-४ व्हिसावर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर त्याला अमेरिकेत नोकरी करण्याची परवानगी नसते. एच-४ वर जे वर्क परमिट मिळतं ते काही ठरावीक पती-पत्नींना, मुलांना नाही. पगार घेतला नाही म्हणून चालतं, असंही नाही. ज्या कामाचे एरवी पैसे दिले जातात ते फुकट केलं तरी अडचण होऊ शकते. अशा घरात आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, मग मुलाला काउंटरमागे उभं करा. भावंडांना सांभाळणं, घरचा स्वयंपाक, आजीला डॉक्टरकडे नेणं आणि तिथे दुभाष्याचं काम करणं, याला असली आडकाठी नाही आणि ते 'कौटुंबिक जबाबदाऱ्या'त अभिमानाने लिहिता येतं.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. आई-वडिलांच्या पूर्ण मालकीच्या धंद्यात मुलांच्या तासांबाबत संघराज्याचा कायदा सूट देतो, पण धोक्याच्या यंत्रांबाबत नाही. सँडविचचं दुकान असेल तर १८ वर्षांखालच्या मुलाने मीट स्लायसर (मांसाचे काप करणारं यंत्र) चालवायचा नाही, धुवायचाही नाही, दुकान घरचं असलं तरीही. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही बघा.

पगाराचं म्हणाल तर तो कागदावर द्या. व्यवसाय एकट्या आईच्या किंवा वडिलांच्या नावे असेल, किंवा फक्त त्या दोघांची भागीदारी असेल, तर १८ वर्षांखालच्या अपत्याच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर लागत नाही. व्यवसाय कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेला असेल तर लागतो. तुमचा अकाउंटंट हे पाच मिनिटांत सांगेल.

आर्थिक मदतीचा अर्ज हा स्वतंत्र विषय आहे, पण एक बदल लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून फाफ्सात (सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात) छोट्या कौटुंबिक व्यवसायाची किंमत मालमत्तेत धरू लागले होते. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६-२७ पासून १०० पर्यंत पूर्णवेळ कामगार असलेला कुटुंबाच्या मालकीचा व्यवसाय पुन्हा वगळला आहे. नफा मात्र उत्पन्न म्हणून मोजला जातोच. आणि सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीचा आणखी एक अर्ज) मागणारी खासगी कॉलेजं व्यवसायाची माहिती वेगळी विचारतात.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांसाठी

भाचे-पुतणे सांगली-नाशिकहून याच कॉमन ॲपवर अर्ज करतात, त्यांनाही अर्ज भरण्याबद्दलचं हे सगळं लागू आहे. अडचण वेगळी येते: वाचणाऱ्याला संदर्भ नसतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत म्हणजे काय, तासगावात बेदाण्याचा सौदा कसा होतो, हे त्याला ठाऊक नाही. अर्ध्या ओळीत सांगा: शेतकऱ्याचा माल लिलावात विकून देणारं आमचं तीन पिढ्यांचं दुकान. लाख आणि कोटी लिहू नका, तिकडे कळत नाहीत. क्विंटलऐवजी किलो लिहा. 'वडिलांना अडतीत मदत' एवढ्यावर थांबू नका. सौद्याच्या दिवशी पट्ट्या (विक्रीची हिशेबपत्रं) तू करतोस का, शेतकऱ्याला हिशेब तू समजावतोस का, ते लिही.

आपल्याकडच्या बहुतेक शाळा-कॉलेजांत काउन्सेलर नसतो, अर्जासोबत शाळेकडून जाणारं शिफारसपत्र मुख्याध्यापक किंवा प्राचार्य लिहितात. मुलगा शाळा सुटल्यावर दुकानात असतो हे त्यांना माहीत नसतं, कारण मुलगा ते शाळेत बोलत नाही. म्हणून त्यांना एक पानभर माहिती लिहून द्या.

अमेरिकेतल्या मुलांनीही हेच करायचं. अकरावीच्या वसंतात आम्ही काउन्सेलर मुलांकडून माहितीचा फॉर्म भरून घेतो. त्यात दुकानाचे तास, कोणत्या वर्षापासून, घरात कोण आजारी होतं, धाकटी भावंडं कोण सांभाळतं, हे लिहा. मी ते माझ्या पत्रात घालते, आणि मुलाच्या अर्जात तेच १३ तास दिसले की वाचणाऱ्याला शंका उरत नाही. फॉर्म जूनमध्ये शाळा सुटायच्या आत द्या. बरीच कॉलेजं लवकरचे अर्ज १ नोव्हेंबरला बंद करतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर शेकडो मुलांची पत्रं पडलेली असतात.